ज्याचा माणूस त्यानं धराचा

माझ्या अगदी सुरुवातीच्या पक्षकारांपैकी एकाचा गुन्हा एवढाच होता की तो उंच होता. पानठेल्यासमोर मारामारी झाली, पाच-सात जण एकमेकांत मिसळले, आणि फिर्याद देणाऱ्याने घाईघाईत जी नावं सांगितली त्यात सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसणारा हाही आला. दुसऱ्या एकाने मित्राला सायकल दिली होती आणि मित्र त्या सायकलवर बसून कुणाला तरी चोपायला गेला होता. तिसरी तर एक म्हातारी. तिचे दोन्ही पोरगे शेजाऱ्यावर धावून गेले तेव्हा ती ओट्यावरून ओरडली होती, "सोडू नका रे त्याले!" आरोपींच्या यादीत तिचंही नाव. मला म्हणाली, "बाई, आता आईनं ओरडाचं बी नाही काय?" मी म्हटलं, "ओरडा आजी, पण जरा पाहून ओरडत जा."

नागपूरच्या सेशन कोर्टात मी तीसेक वर्षं आरोपींच्या बाजूने उभी राहिले. मी सनद घेतली तेव्हा फौजदारीत बाई म्हणजे अप्रूप होतं. बाररूममध्ये मी शिरले की गप्पा थांबत आणि कुणीतरी उगाचच खुर्ची पुसून देई. धरमपेठेतल्या आमच्या घरी तर सुतकच होतं. मामा म्हणायचे, "वकिली कर, पण शेतीवाडीची कर. खुन्यांच्या पंगतीत कशाला बसतेस?" त्यांना मी कधी पटवून देऊ शकले नाही की माझ्या पंगतीत खुनी फार थोडे होते. बहुतेक जण खुन्याच्या बाजूला उभे असलेले होते.

बाहेरच्या माणसाला ही भानगड समजावी म्हणून थोडं कायद्याचं सांगते. आपल्या दंड विधानात चौतीस नंबरचं एक कलम आहे. जेमतेम दोन-तीन ओळींचं, पण हात फार लांब. ते म्हणतं, अनेकांनी एका उद्देशाने मिळून एखादं कृत्य केलं, तर प्रत्यक्ष हात एकाचा असला तरी ते सगळ्यांनी केलं असं समजायचं. हे न्याय्यच आहे. एकाने दार लावायचं, दुसऱ्याने तोंड दाबायचं, तिसऱ्याने सुरा चालवायचा, आणि पहिल्या दोघांनी "आम्ही कुठे सुरा धरला?" म्हणून घरी जायचं, हे कुणाला चालेल? पंचाईत दुसरीकडे आहे. चौघं जण एकाला "दोन ठेवून द्यायला" जातात आणि चौघांपैकी एकाचा हात जड पडतो. जीव घ्यायचं कुणाच्याच मनात नव्हतं, पण माणूस मेला तो मेलाच. मग बाकी तिघांचं काय? त्यांनी मनात काय ठरवलं होतं, पुढे काय होईल हे त्यांना कळायला हवं होतं का, आणि त्यांच्या हातांनी नक्की केलं काय? हे धागे सोडवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यात एक खटला असा आहे की अजून कुणी "तुमचा मोठा खटला कोणता?" विचारलं की मी दुसराच कोणतातरी सांगते, आणि मनात हाच येतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. रेल्वेच्या मालधक्क्यावर तेव्हा बैलबंड्यांचा मोठा अड्डा होता. वॅगनीतून उतरलेला माल बंड्यांवर लादून इतवारीच्या बाजारात न्यायचा. बंड्या रांगेत उभ्या राहत, जिचा नंबर तिला माल. एके दुपारी नत्थू आणि शामराव या दोन बंडीवाल्यांची नंबरावरून जुंपली. शामरावने आपल्या बंडीची उभारी उपसली. उभारी म्हणजे माल घसरू नये म्हणून बंडीच्या कडेला खोवलेला दांडा, हाताने ओढला की निघतो. त्या वेळी सुखदेव नावाच्या तिसऱ्या बंडीवाल्याने नत्थूला मागून दोन्ही हातांनी कवेत धरलं, आणि शामरावची उभारी नत्थूच्या डोक्यात बसली. एकच घाव. नत्थू सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत गेला होता.

अड्ड्यावरच्या सगळ्यांनी पोलिसांना एकच वाक्य सांगितलं, "सुखदेवनं धरलं, शामरावनं मारलं." दोघांवरही खुनाचा आरोप लागला. सुखदेवकडे वकील लावायची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टाने त्याला वकील दिला, म्हणजे मला. कागद हातात आले तेव्हा मी कपाळाला हात लावला. धरणारा आणि मारणारा ही जोडी फौजदारीत फार जुनी आहे. धरणारा नसता तर मारणाऱ्याचा घाव चुकला असता, हे सांगायला सरकारी वकिलाला फार अक्कल लावावी लागत नाही. त्यात भर म्हणजे सुखदेव हा नत्थूचा सख्खा साडभाऊ. दोघांच्या बायका बहिणी. आणि पोळ्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. नत्थूने सुखदेवचा बैल मागून नेला होता, तो लंगडत परत आला, एवढ्यावरून. सरकारला आयतं कारण मिळालं होतं.

जेलमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा सुखदेव उकिडवा बसला होता. रुंद खांद्यांचा, चाळिशीतला माणूस. मी विचारलं, "तुम्ही नत्थूला धरलं होतं का?"

"हो जी. धरलं."

"काहून धरलं?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी विचारलं होतं की बैलाला पाणी का पाजलं. "धराचंच असते ना बाई. भांडण लागलं म्हटल्यावर धराचंच असते."

बस्स, एवढंच. हे घेऊन मी कोर्टात गेले असते तर जज्जसाहेबांनी मला चहा पाजून परत पाठवलं असतं. मी उठले तेव्हा तो म्हणाला, "बाई, एक सांगतो. मले सजा झाली तं झाली. पण सरूची पोरं मले पाहून दारं लावतात म्हणे माह्या बायकोच्या तोंडावर. म्हणतात, मावसाजीनं आमच्या बाबाले धरून मारवलं. त्यायले कोणी सांगीन काय, का तसं नाही व्हय?" सरू म्हणजे नत्थूची विधवा, सुखदेवची मेहुणी. त्याला फासाची किंवा जन्मठेपेची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, रात्री झोप येत नाही हे त्यानेच सांगितलं. पण तोंडाने मागितलं ते एवढंच.

आमच्या धंद्यात जागा पाहिल्याशिवाय उलटतपास करू नये असं माझं मत होतं. पुष्कळ वकील पोलिसांच्या नकाशावर भागवतात. मी अड्ड्यावर गेले. बाई माणूस, काळा कोट, आणि आजूबाजूला शेण आणि भुशाचा वास. एका झाडाच्या सावलीत उभी राहून मी फूटपट्टीने जग मोजल्यासारखं करत होते, तेवढ्यात समोरच भांडण लागलं. त्याच झाडाच्या सावलीवरून. कुणाचा बैल आधी बांधायचा! दोघांनी एकमेकांच्या आयांची अशी चौकशी केली की मी कोटाची कॉलर वर घेतली. एकाने बाही सारली मात्र, तोच बाजूच्या एका माणसाने त्याला मागून कवेत घेतलं. आणि त्याच वेळी पलीकडच्या एकाने दुसऱ्याला. दोघं भांडखोर हवेत पाय झाडत होते आणि दोघं धरणारे आरामात विडी मागत होते. मिनिटाभरात सगळं थंड झालं.

मी त्या धरणाऱ्याला विचारलं, "तुम्ही यालाच का धरलं? त्याला का नाही?"

तो म्हणाला, "हा माहा भाचा व्हय. त्याले मी कसा हात लावू? ज्याचा माणूस त्यानं धराचा. परक्याले हात लावला का तुमी भांडणात शिरले."

झालं! भांडण सोडवायचं तर आपल्या माणसाला धरायचं. परक्याला धरलं तर तो पक्षपात, त्यातून दोघांच्या भांडणाची अड्ड्याची लढाई होणार. हा तिथला कायदा, दंड विधानाच्या आधीपासूनचा असेल. आणि तो कुणीच पोलिसांना सांगितला नव्हता, कारण कुणी विचारलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की परत येताना मी सीताबर्डीवर उतरून स्वतःलाच दोन आलुबोंडे खाऊ घातले.

आनंद घरी पोचेपर्यंतच टिकला. रीत दोन माणसांची आहे हे तेव्हा लक्षात आलं. एकाने नत्थूला धरलं तर दुसऱ्याने शामरावला धरायला हवं होतं. ते कुणीच केलं नाही. सरकारी वकील पहिलाच प्रश्न हा विचारणार: एवढी तुमची रीत, मग मारणाऱ्याला का कुणी धरलं नाही? ज्याला वाचवायचं त्यालाच तेवढं जखडून ठेवलं ही कुठली सोडवणूक?

पुन्हा जेलमध्ये गेले. सुखदेवला म्हटलं, "शामरावला कोण धरणार होतं?" दोनदा विचारावं लागलं. शेवटी अगदी हळू म्हणाला, "डोमाजी होता ना बाजूले. थो दिसला म्हणूनच म्या नत्थूले धरलं. म्हटलं, तिकून डोमाजी धरतेच."

डोमाजी हा शामरावचा चुलतभाऊ. आणि सरकारचा सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार.

"मग हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

"त्याचं नाव काहून घ्याचं? त्यानं काही मारलं नाही." आणि मग मला हात जोडून, "बाई, त्याले इचारू नोका. लोकायसमोर इचारसान तं त्याले जन्मभर पुरंल ते."

मी त्याला स्पष्ट सांगितलं की मी विचारणार. जन्मठेपेच्या दारात बसून दुसऱ्याची लाज सांभाळणारा पक्षकार मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. त्या दिवशी त्याचा मला राग आला होता. आता राग नाही, दुसरंच काही वाटतं.

खटला उभा राहिला. आधी डॉक्टर झाले, पंच झाले, मग सरू. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. दोघं साडभाऊ पोळ्यापासून बोलत नव्हते हे तिने सांगितलं. मग सरकारी वकिलांनी न विचारताच सुखदेवकडे बोट करून म्हणाली, "माह्या पोराईचा बाप यानं धरून देल्ला." पिंजऱ्यात सुखदेवने डोळे मिटून घेतले. मी उलटतपासाला उठले आणि एकच विचारलं, "बोलत नव्हते, पण बंड्या कुठं लावत?" ती म्हणाली, "एकामागं एकच लावत." मी बसले. तिला छळून मला काही मिळणार नव्हतं, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला जे सांगितलं गेलं तेच ती सांगत होती. साक्ष संपल्यावर ती निघून गेली नाही. मागच्या बाकावर जाऊन बसली, आणि पुढेही प्रत्येक तारखेला तिथे येऊन बसे.

पुढच्या तारखेला डोमाजी आला. बुटका, मिशा पिकलेला, हात सतत कुठेतरी पुसायची सवय. सरतपासात त्याने ते ठरलेलं वाक्य म्हटलं, "सुखदेवनं धरलं, शामरावनं मारलं." त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

आता, ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही तो उलटतपासात विचारू नये, हा आमच्या वकिलीतला पहिला धडा. मी तो ज्युनियरांना घोकून घ्यायला लावत असे. डोमाजी "मी तिथं नव्हतो, चहा प्यायला गेलो होतो" म्हणाला असता तर माझा सुखदेव गेला होता. त्याला खोडून काढायला माझ्याकडे दुसरा कुणी नव्हता. पण माझ्याकडे दुसरा रस्ताही नव्हता. मी साक्षीदाराशी त्याच्या बोलीत बोलत असे, आणि जज्जसाहेब पुण्याकडचे असल्याने त्यांचा त्यात जरा गोंधळ होई, पण त्यांनी मला कधी अडवलं नाही.

"डोमाजी, तुमी शामरावपासून किती दूर उभे होते?"

"हातभर."

माझा जीव भांड्यात पडला. पहिली पायरी तरी त्याने चुकवली नाही.

"अड्ड्यावर भांडण लागलं का कोण कोणाले धरते?"

"ज्याचा माणूस त्यानं धराचा."

"सुखदेवनं कोणाले धरलं?"

"नत्थूले."

"नत्थू कोणाचा माणूस?"

"सुखदेवचा. साडभाऊ व्हय त्याचा."

"शामराव कोणाचा माणूस?"

त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं. तिथे त्याचा चुलतभाऊ त्याच्याकडेच पाहत होता. "माहा," तो म्हणाला.

"तुमी कोणाले धरलं?"

सरकारी वकील हरकत घ्यायला अर्धवट उठले होते. का कोण जाणे, ते तसेच खाली बसले. डोमाजीचे हात धोतरावर पुसले जात होते.

"कोणालेच नाही धरलं," तो म्हणाला.

माझं काम झालं होतं. मी बसायला हवं होतं आणि बसलेही. पण जज्जसाहेबांनी चष्मा काढला आणि स्वतःच विचारलं, "का नाही धरलं?"

साक्षीदाराला कोर्ट काहीही विचारू शकतं, पण साक्षीदारही कोर्टाला काहीही सांगू शकतो. "नजर चुकली" म्हणता आलं असतं. "एकाएकी झालं" म्हणता आलं असतं, आणि ते कुणालाही पटलं असतं. डोमाजी म्हणाला, "साहेब, सकाळी नत्थूनं मले चार लोकायसमोर शिवी देल्ली होती. माह्या मनात आलं, एक-दोन बसू दे त्याले. मंग धरतो." तो थांबला. "मंग धरतो म्हटलं साहेब. मंग झालंच नाही."

मागच्या बाकावरून कसलासा आवाज आला. सरूने पदर तोंडात कोंबला होता. ती सुखदेवकडे पाहत होती, आणि खटला सुरू झाल्यापासून तिने त्याच्याकडे असं नीट पाहिल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

सरकारी वकिलांना फेरतपासाचा हक्क होता. डोमाजी शामरावच्या घरचा, म्हणून आधी काही ठरलं नव्हतं असं दाखवून चुलतभावाची शिक्षा कमी करायला बघतो, असं सुचवता आलं असतं. ते उठले आणि म्हणाले, "मला काही विचारायचं नाही." बाररूममध्ये नंतर मला म्हणाले, "बाई, खरं बोलणाऱ्याला खोटं पाडायला मला सरकारने नेमलेलं नाही." त्या वेळी ते भाषणासारखं वाटलं होतं. पण हरलेल्या खटल्यानंतर असं म्हणणारे किती थोडे असतात ते मला पुढच्या वर्षांत कळलं.

त्या रात्री मी त्या साक्षीचा विचार करत बसले. सुखदेवने हाताने कृती केली होती, मनात पाप नव्हतं. डोमाजीच्या मनात मार बसावा असं होतं, पण हाताने काहीच केलं नव्हतं. दोघांना जोडलं असतं तर चौतीस कलमाचा एक चांगला पुरा आरोपी तयार झाला असता! सुटे सुटे मात्र दोघंही कायद्याच्या कामाचे नव्हते. जज्जसाहेबांनी निकालात हेच जरा भारदस्त भाषेत लिहिलं. एकाच्या हाताचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारायचा तर आधी दोघांची मनं एक झालेली दिसली पाहिजेत. इथे धरणाऱ्याचं मन भांडण मोडायचं होतं आणि ते त्या लोकांच्या रीतीवरून दिसतं. सुखदेव निर्दोष. शामरावचाही खून धरला नाही. अचानक भांडण, एकच घाव, मारायचा उद्देश पण जीव घ्यायचा नाही. म्हणून सदोष मनुष्यवध, आणि काही वर्षांची सक्तमजुरी. तोही निकाल मला योग्य वाटला, जरी शामराव माझा पक्षकार नव्हता.

निकालाच्या दिवशी सुखदेव व्हरांड्यात आला तेव्हा त्याची बायको त्याच्या खांद्याला धरून रडत होती. तो सुटल्यासारखा दिसत नव्हता. मला म्हणाला, "बाई, धरलं तेव्हा नत्थू म्हणून राहिला होता, सोड गा, सोड. म्या आखीन आवळलं." हे त्याने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. धरलेला प्रत्येक जण "सोड" म्हणतोच, आणि धरणारा आवळतोच, हे त्यालाही माहीत होतं.

तेवढ्यात जिन्याखालून डोमाजी पुढे आला. त्याच्याजवळ एक गठुडं होतं. वर दोरीने तांब्या बांधलेला, आत कांबळं असावं. बैल त्याने लहान भावाकडे सोपवून दिले होते म्हणे. मला वाटलं गावी चालला असेल. त्याने मला रामराम केला आणि विचारलं, "वकीलीणबाई, माही केस कवा लागते?"

मला आधी समजेना. मग गठुड्याकडे पाहिलं आणि समजलं. तो जेलमध्ये जायच्या तयारीने आला होता. साक्ष दिली त्या दिवसापासून तो वाट पाहत होता, कुणी शिपाई घ्यायला येतो का म्हणून.

"डोमाजी, तुमच्यावर केस नाही," मी म्हटलं. "तुम्ही कुणाला मारलं नाही, मारायला सांगितलं नाही. नुसतं उभं राहणाऱ्याला कलम नाही."

"पण म्या सांगतलं ना साहेबाले. समद्यायसमोर सांगतलं."

"सांगितलंत. पण मनात आलं त्याची सजा कायद्यात नाही."

तो विचारात पडला. चेहरा असा झाला की जणू मी त्याची काहीतरी वस्तू हिसकावून घेतली होती. मग म्हणाला, "मंग थे लिवून काहून घेतलं?"

स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे मी शेकड्याने पाहिले, तो माझ्या धंद्याचा रोजचाच माल. खरं बोलून वर शिक्षा मागायला गठुडं बांधून आलेला हा एकच. आज त्याची आठवण आली की मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडते, आणि यात काही अतिशयोक्ती नाही.

सरू खांबाशी उभी होती. हे सगळं तिने ऐकलं होतं. शामरावच्या घरचे डोमाजीकडे पाठ करून निघून गेले होते, घराण्याचं नाक कापलं म्हणून. ती त्याच्याजवळ आली. मला वाटलं आता शिव्या देणार, आणि दिल्या असत्या तरी मी तिला अडवलं नसतं. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"घरी चाला," ती म्हणाली.

डोमाजी दचकला. "कोणाच्या?"

"माह्या. पोरं घरी हायेत. त्यायच्यासमोर बसा अन् कोर्टात जे सांगतलं ते त्यायले सांगा. मी सांगतलं तं त्यायले वाटंल, माय मावशीच्या बाजूनं बोलून राहिली. तुमी सांगा, तुमच्या तोंडानं. मावसाजीनं काहून धरलं थे सांगा. तुमी काहून नाही धरलं, थेही सांगा."

"लेकरं मले काय म्हणतीन, वहिनी?"

"जे म्हणतीन थे आयकून घ्या."

जज्जसाहेबांनी डोमाजीला काही वर्षं सुनावली असती तर तो इतका घाबरला नसता. मग त्याने वाकून गठुडं उचललं. सुखदेवने बायकोचा हात सोडवला आणि काही न बोलता त्या गठुड्याचं दुसरं टोक धरलं. दोघी बहिणी सायकलरिक्षात बसल्या आणि हे दोघं रिक्षामागून पायी निघाले.